पाखराचं कुबड

१

शेजारच्या देशाने आपलं नवं क्रूझ क्षेपणास्त्र संचलनात मिरवलं, आणि दुसऱ्याच दिवशी इकडच्या प्रयोगशाळेत एका मुलीला खोलीत बसवून बाहेरून कडी लावण्यात आली.

इकडेही गेली कित्येक वर्षं तसंच एक क्षेपणास्त्र तयार होत होतं. जमिनीलगत, झाडांच्या शेंड्यांवरून, विमानासारखे पंख पसरून जाणारं. कागदोपत्री त्याला लांबलचक नाव होतं, पण आत काम करणारे सगळे त्याला पाखरू म्हणत. संपूर्णपणे आपल्या डोक्याने आणि आपल्या हातांनी घडवलेलं, असं मंत्री प्रत्येक भाषणात छाती फुगवून सांगत. मात्र पाखरू अजून बाहेरच्या कुणालाही दाखवलेलं नव्हतं. आणि तरीही शेजाऱ्यांच्या क्षेपणास्त्राच्या पोटाला, हवा आत घेणाऱ्या तोंडाच्या थोडं मागे, थेट पाखरासारखं कुबड होतं.

बाईंना बोलावणं आलं ते सकाळच्या चहाच्या वेळी. बाई निवृत्त धातुतज्ज्ञ. मोडलेली वस्तू हातात घ्यायची आणि ती कशी मोडली ते सांगायचं, हा त्यांचा आयुष्यभराचा उद्योग. प्रयोगशाळेत काही फुटलं, पडलं, वितळलं की लोक आधी एकमेकांवर ढकलत आणि मग म्हणत, "बाईंना दाखवा." त्यांचे यजमानही तिथलेच, क्षेपणास्त्राच्या दिशेचं गणित सांभाळणारे, ते बाईंच्या कितीतरी आधी घरी बसले होते, आणि आपखुशीने नव्हे.

सुरक्षा अधिकारी हा सडपातळ, बारमाही सर्दीचा माणूस. हातात कायम रुमाल, म्हणून पाठीमागे सगळे त्यांना रुमालवाले म्हणत. त्यांनी टेबलावर वर्तमानपत्रांतली आणि टीव्हीवरून काढलेली छायाचित्रं मांडून ठेवली होती.

"बसा बाई. मला तुमच्याकडून एकच वाक्य हवंय. हे आपल्यावरून उचललंय, एवढंच. संध्याकाळी राजधानीतून गाडी येतेय. पोरीला त्यांच्या ताब्यात द्यायचंय, आणि नुसत्या संशयावर द्यायला माझं मन घेत नाही."

"आणि एकदा दिली की?"

रुमालवाल्यांनी नाक पुसलं. "एकदा दिली की तिचं काय झालं हे विचारायची सोयसुद्धा राहत नाही."

"कोण पोरगी?"

"आराखडा विभागातली. चिमणी."

बाईंचा हात छायाचित्रावरच थांबला. चिमणी त्यांच्या घरी यायची. आवाज एवढासा, म्हणून हे नाव. यजमानांकडे गणित शिकायचं निमित्त, आणि मग काकू-काकू करत स्वयंपाकघरात लुडबुड.

"तिची मावशी तिकडे दिलेली आहे," रुमालवाले म्हणाले. "दर आठवड्याला फोन असतो."

"मावश्या फोन करतातच."

"करतात. पण सगळ्या भाच्या जेवणाच्या सुट्टीत शेडमध्ये एकट्या जाऊन, लेसरचं यंत्र लावून कुबडाची मापं घेत नाहीत. हिने घेतली. परवानगी न घेता. पहारेकऱ्याने पाहिलं. का घेतलीस म्हटलं, तर तोंडात मिठाची गुळणी."

कुबडाचा नेमका आकार माहीत असलेली माणसं आज प्रयोगशाळेत तीनच होती: संचालक, वाऱ्याच्या चाचण्या घेणारे वाराकाका आणि चिमणी. पूर्वी बाईंच्या यजमानांनाही माहीत होता, हे रुमालवाल्यांनी खाली बघत सांगितलं आणि लगेच दोनदा शिंकले.

"बरं, आपलं कुबड आतून रिकामं आहे," ते पुढे म्हणाले. "पूर्वी तिथे मोठा पंप होता, आता नाही. मग शेजाऱ्यांना कुबड कशाला लागलं? रिकामं कुबड कोण मुद्दाम बनवेल? डोळे मिटून नक्कल करणाराच."

"हे मात्र अगदी बरोबर बोललात," बाई म्हणाल्या.

त्यांनी भिंग काढलं. क्षेपणास्त्र गाडीवर तिरकं उभं केलं होतं, त्यामुळे पोट चांगलं दिसत होतं. कुबड होतं, मधोमध, सरळ. त्याच्या कुशीत एक चौकोनी झाकण होतं. झाकणाच्या स्क्रूंभोवतीचा नवाकोरा रंग उडाला होता. त्या झाकणाकडे बाई बराच वेळ बघत राहिल्या.

"यातलं एक दुसऱ्याची नक्कल आहे," शेवटी त्या म्हणाल्या. "शंकाच नको."

"झालं तर मग!"

"झालं कसं? मला पाखरू बघायचंय."

२

शेडमध्ये त्यांच्यासोबत स्वतः संचालक आले. उंच, आता खांद्यात जरा वाकलेले, खिशात कायम खडूचे तुकडे. बाईंच्या यजमानांचे जुने मित्र; तिघं एकाच वर्षी इथे लागले होते. घरी आले की ते वहिनी म्हणत आणि इथे आजूबाजूला माणसं असली तरी तेच म्हणत. बाई मात्र कचेरीत त्यांना सर म्हणायच्या.

"वहिनी, तुम्हाला उगाच त्रास दिला रुमालवाल्यांनी."

"घरी बसून तरी काय करणार, सर? सकाळपासून पंखा पुसत होते."

पाखरू लाकडी आधारांवर पडलं होतं. पंख काढून ठेवलेले. त्यामुळे ते पाखरापेक्षा दवाखान्यात झोपवलेल्या माणसासारखंच दिसत होतं. बाई खाली वाकल्या.

"कुबड पंपासाठी ना?"

"पंपासाठीच. तेव्हा आपल्याकडे इंधनाचा बुटका पंप कुणी बनवत नव्हतं. ट्रॅक्टरवाल्या कारखान्याकडून उंच पंप घेतला, तो पोटात मावेना. मग पोट वाढवलं. पुढे छोटा पंप आला. पण तुम्हाला नियम माहितीये आपला."

बाईंना माहीत होता. चाचणीत पास झालेल्या आकाराला हात लावायचा नाही. एक उंचवटा काढला की वाऱ्याच्या सगळ्या चाचण्या पुन्हा पहिल्यापासून. त्यामुळे पाखराच्या अंगावर अशा बऱ्याच जुन्या खुणा राहून गेल्या होत्या. घरात एखादा जुना खिळा कशासाठी ठोकला होता ते कुणाला आठवत नाही, पण उपटतही कुणी नाही, तसं.

"आणि हे तिरकं का?" बाईंनी विचारलं. कुबड मधोमध नव्हतं. डावीकडे कललेलं होतं, झोपेत कूस बदलताना अर्ध्यावर राहिल्यासारखं.

"पंपाची नळी डावीकडून यायची." संचालकांनी खिशातला खडू बोटांत फिरवला. "तुमच्या घरात हा विषय नको म्हणा. तो अजून माझ्यावर रागावलेला आहे ना?"

"रागावलेले नाहीत. अजून सोडवतायत."

पाखरू उडताना डावीकडे ओढ घ्यायचं. थोडीशीच, पण घ्यायचं. ती ओढ मारायचं काम यजमानांकडे होतं. शेपटीचे पंख जरा वळवून ठेव, संगणकाला उलटं शिकव, वर्षानुवर्षं हेच. एका बाजूने दाबलं की ओढ दुसऱ्या वेगाला डोकं वर काढायची. कुबड मधोमध आणा, असं यजमान प्रत्येक बैठकीत सांगत. संचालक नाही म्हणत. शेवटच्या बैठकीत यजमान ओरडले, टेबलावर हात आपटला, आणि तो माणूस चक्रम झालाय अशी बोलवा झाली. त्यानंतर ते घरी बसले.

बाईंनी डोळे मिटले आणि तळहात कुबडावरून हळूहळू फिरवला. उजवा उतार सलग होता. डाव्या उतारावर, डोळ्यांना दिसणारही नाहीत अशा, उथळ लहरी होत्या. एकापुढे एक, पुढे जाताना जवळ येत गेलेल्या. त्यांनी पुन्हा हात फिरवला.

"सर, या लहरी साच्यातच आहेत?"

"साच्यात आहेत, आराखड्यात आहेत, पहिल्यापासून आहेत."

"कशासाठी?"

"वाऱ्यासाठी," संचालक म्हणाले, पण उत्तर यायला नको तितका वेळ लागला.

बाईंनी हात काढून घेतला. अशा लहरी त्यांनी आयुष्यात शेकडो वेळा पाहिल्या होत्या. फक्त कुणी आखून बनवलेल्या वस्तूत त्या एकदाही पाहिल्या नव्हत्या.

३

वाराकाका टनेलच्या दाराशी स्टुलावर बसून डबा खात होते. टनेल म्हणजे खोलीएवढं पोकळ नळकांडं. त्यात क्षेपणास्त्राची लाकडी प्रतिकृती टांगायची आणि जोराचा वारा सोडायचा. इतकी वर्षं त्या आवाजात काढल्यामुळे वाराकाका साध्या गप्पाही ओरडूनच मारत.

"या ताई! मलाही उलटं टांगायला आलात का?"

"तुम्हाला टांगून काय मिळणार? ढेकर?"

"तेवढाच निघेल!" ते मोठ्याने हसले, मग दाराकडे पाहून आवाज खाली आणायचा प्रयत्न केला, जो जमला नाही. "पोरगी तसली नाही हो. माझ्या लेकीच्या वयाची. पण मी बोललो तर म्हणतील, हा पण सामील."

"मी वेगळंच विचारायला आलेय. पहिली लाकडी प्रतिकृती आठवते?"

"न आठवायला काय झालं? ती टांगली त्याच आठवड्यात माझं लग्न. हळदीच्या हातांनी मोजमापं घेतलीत मी. मोठ्या साहेबांनी, म्हणजे तेव्हाच्या संचालकांनी, रजा दिली नाही. म्हणे, तिकडच्यांनी उडवलंसुद्धा आणि तू नवरदेव होऊन फिरतोस!"

"म्हणजे तिकडच्यांचं तेव्हा उडालं होतं?"

"एक-दोनदा. आपल्या वर्तमानपत्रांनी नुसती सालटी काढली होती आपली. शेजारी उडतात, आपण बसतो, असं काहीबाही. मंत्र्यांचे फोनावर फोन. मोठे साहेब तर त्यातच गेले बिचारे. हल्लीच्या साहेबांकडे ते काम आलं आणि मग एकदम वेग आला. एके दिवशी आराखडा तयार, महिन्याभरात लाकूड तयार."

"त्या लाकडाला कुबड होतं?"

"होतं की. हेच. असंच वाकडं. मी म्हटलंही, सुताराचा हात हलला वाटतं. तर साहेब म्हणाले, आहे तसंच राहू दे, एक रेघही बदलायची नाही."

"पंपासाठी लागणारच होतं ना पण ते."

वाराकाकांचा घास हातातच राहिला. "पंप? पंप कुठला तेव्हा? ट्रॅक्टरवाले आले ते माझं थोरलं बाळ रांगायला लागल्यावर. मला चांगलं आठवतंय, कारण त्यांचा माणूस मिठाईऐवजी पंपाचं छोटं मॉडेल घेऊन बाळ बघायला आला होता. बायको अजून चिडवते."

वाराकाकांनाच आपलं बोलणं उशिरा ऐकू आलं असावं. त्यांनी डब्याचं झाकण हळूच लावलं.

"ताई," ते म्हणाले, आणि या वेळी आवाज खरंच खाली आला, "मग ते कुबड आधी कशाला होतं?"

४

चिमणी खिडकी नसलेल्या खोलीत, खुर्चीच्या अगदी कडेला बसली होती. पुढ्यातला चहा गार होऊन त्यावर साय धरली होती. बाईंना पाहून ती उठली, पुन्हा बसली.

"काकू, तुम्ही जा. तुमचं नाव यात नको."

"माझं नाव कुठे येतंय? मी नुसती बघायला आले. मापं कशाला घेतलीस?"

चिमणीने मान खाली घातली.

"मावशीला दिलीस?"

"मावशी!" तिला एकदम रडू आणि हसू दोन्ही आलं. "मावशी फोनवर तिच्या गुडघ्यांचं सांगते, काकू. अर्धा तास डावा, अर्धा तास उजवा. तिला क्षेपणास्त्र म्हणजे काय तेही माहीत नाही."

"मग सांग ना रुमालवाल्यांना कुणाला दिलीस ते. गाडी निघालीये राजधानीहून."

"नाही सांगणार."

बाई तिच्यासमोर बसल्या. ही मुलगी भित्री होती. झुरळ दिसलं तर खुर्चीवर चढायची. अशी मुलगी कुणाला तरी पाठीशी घालून एवढी गप्प बसली आहे, तर ते माणूस तिला स्वतःपेक्षा जवळचं असणार. आईवडील नव्हतेच तिला. मावशी होती ती सीमेपलीकडे. आणि आठवड्यातून एक दिवस ती जिथे हक्काने जेवायची ते घर...

बाईंनी खुर्ची तिच्याजवळ ओढली.

"आमच्याकडे," त्या म्हणाल्या.

चिमणीने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "काकांना फक्त खरा आकार हवा होता. म्हणाले, आराखड्यावर विश्वास ठेवून मी इतकी वर्षं चुकलो असेन, एकदा प्रत्यक्ष मापं मिळाली तर ओढ कुठून येते ते सापडेल. मला त्यांचे हाल बघवेनात. मी विचारलं असतं तर सरांनी नाही म्हटलं असतं. काकू, मी सांगितलं तर काकांना नेतील. या वयात. ते बाहेरच्या माणसाला गुपित देणं झालं ना."

"आणि तुला नेतील त्याचं काय?"

"मी तरुण आहे," चिमणी म्हणाली.

बाई बाहेर आल्या तेव्हा फाटकावर पांढरी गाडी लागत होती. रुमालवाले व्हरांड्यात उभे होते.

"बाई, वाक्य?"

"संचालकांच्या खोलीत चला," बाई म्हणाल्या. "आणि येताना बिस्किटांच्या डब्याचं झाकण आणा. पातळ पत्र्याचं, ज्याच्यावर फूल उठवलेलं असतं ना, तसलं."

५

संचालकांच्या खोलीत बाईंनी झाकण टेबलावर ठेवलं. मधोमध उठावाचं गोल फूल होतं. रुमालवाले दाराला पाठ लावून उभे राहिले.

"साहेब, सकाळी तुम्ही म्हणालात, रिकामं कुबड नक्कल करणाराच बनवतो. तिथूनच सुरुवात करू," बाई म्हणाल्या. "शेजाऱ्यांच्या कुबडाला झाकण आहे. झाकणाच्या स्क्रूंभोवतीचा रंग उडालाय. म्हणजे रंग दिल्यानंतरही कुणीतरी ते उघडलंय, पुन्हा लावलंय. रिकाम्या पोकळीत रोज कोण डोकावतं? त्यांच्या कुबडात काहीतरी कामाचं आहे. आपल्याला झाकणच नाही. आपलं रिकामं."

"त्यांनी आपलं उचललं आणि मग वापरात आणलं," रुमालवाले म्हणाले.

"मलाही तसंच वाटलं असतं. पण आपलं कुबड पंपासाठी, असं आपण सांगतो. वाराकाकांच्या पहिल्या लाकडालाच कुबड होतं, आणि पंप ठरला नंतर. कुबडासाठी पंप शोधला, पंपासाठी कुबड केलं नाही. म्हणजे ज्या दिवशी ते आखलं त्या दिवशी आपल्याकडे त्याला काही कारणच नव्हतं. शेजारी मात्र त्याआधी उडवत होते."

संचालक खिडकीबाहेर बघत होते.

"तरीही त्यांचं सरळ आहे आणि आपलं तिरकं," रुमालवाले चिवटपणे म्हणाले. "चोराने चूक सुधारली असेल!"

"आता हे बघा." बाईंनी झाकण उभं धरलं आणि तळहाताने एका कोपऱ्यातून जोरात दाबलं. पत्रा कण्हला. फूल कललं, आणि त्याच्या एका बाजूला लहरी उठल्या. उथळ, पुढे जाताना जवळ येत गेलेल्या. "हात लावून बघा. मग शेडमध्ये जाऊन पाखराच्या डाव्या उताराला हात लावा. पातळ पत्रा जोराने कशावर तरी आपटला की असाच दुमडतो. हे कुणी आखत नाही, साहेब. हे होतं. माझ्या अख्ख्या नोकरीत मी अशा लहरी पाहिल्या त्या फक्त पडलेल्या वस्तूंत. आपण जिची नक्कल केली ती वस्तू आकाशातून पडलेली होती."

रुमालवाल्यांनी झाकणावर बोट फिरवलं आणि ते तसेच उभे राहिले.

बाई संचालकांकडे वळल्या. त्या कचेरीत कधी म्हणाल्या नव्हत्या ते आज म्हणाल्या.

"भावजी, कुठे सापडलं होतं ते?"

त्या हाकेसरशी संचालकांचे खांदे खाली आले. ते खुर्चीत बसले.

"किनाऱ्यावर. आपल्या बाजूला. त्यांची चाचणी भरकटली आणि पाण्यात पडली. लाटांनी पोटाकडचा भाग वाळूत आणून टाकला. मोठ्या साहेबांनी एका पेटीत घालून मला दिला. म्हणाले, हे फक्त तुला आणि मला. पुढे ते गेले. मी एकटाच राहिलो."

"आणि कुबडावरचं झाकण?"

"तिथे पत्रा फाटून नुसतं भोक उरलं होतं. मला वाटलं आपटून पडलंय. मी ते बुजवलं." ते स्वतःशीच हसल्यासारखे झाले. "जे मोडलं होतं त्याला मी त्यांची हुशारी समजलो. आणि जी हुशारी होती ती मोडतोड समजून लिंपून टाकली."

"पण आमचे हे म्हणत होते ना, मधोमध आणा? प्रत्येक बैठकीत सांगत होते!" बाईंचा आवाज पहिल्यांदा चढला. "एकदा आणून बघायचं होतं."

"दोनदा निघालो होतो. हात धजला नाही. त्यांनी तिरकं ठेवलंय म्हणजे त्यामागे काहीतरी असणारच, आपल्याला कळत नाही इतकंच, असं वाटायचं. भाषणात त्यांना शिव्या द्यायचो, वहिनी, पण विश्वास त्यांच्यावरच होता. शेजारी बसलेल्या माझ्या मित्रावर नव्हता."

"मला पत्रा दाखवायचात."

"तुम्हाला दाखवला असता तर तुम्ही तिथल्या तिथे सांगितलं असतं की हा आपटलेला पत्रा आहे. आणि दुसरा प्रश्न विचारला असता, कुठून आणला. म्हणून तर नाही दाखवला."

फाटकावर गाडीवाल्याने एकदा भोंगा वाजवला.

६

आधी बोलले ते रुमालवाले. रुमाल त्यांनी खिशात ठेवून दिला होता.

"म्हणजे चोरी झालीच नाही. निदान त्या मुलीकडून नाही. पण तिने परवानगीशिवाय मापं घेतली आणि बाहेर नेली. तेवढंही पुरेसं आहे गाडीत बसवायला."

"कुणाला दिली ते मला माहीत आहे," बाई म्हणाल्या. "आमच्याकडे."

"माझाही तोच अंदाज होता," रुमालवाले म्हणाले, आणि सकाळी ते खाली बघत का बोलले होते ते बाईंना आता कळलं.

"परवानगी मी दिली होती," संचालक म्हणाले. "तोंडी. जुन्या तज्ज्ञाचा सल्ला घ्यायला मीच पाठवलं तिला. आत्ता गाडीवाल्यांना तसं सांगतो. हा अधिकार आहे मला."

"सांगा. मी ऐकल्याचं मीही सांगेन. गाडी रिकामी जाईल." रुमालवाले बाईंसमोर येऊन बसले. "पण बाई, हे जे आज इथे बोललो ते या खोलीत राहील. पाखरू आपलं नाही, हे उद्या बाहेर पडलं तर राजधानीतून एक गाडी येणार नाही, दहा येतील. सरांच्या परवानगीवर मग कोण विश्वास ठेवणार? पहिली ती मुलगी जाईल. दुसरे तुमचे यजमान."

"मी कुणाला सांगायला जातेय?"

"घरी."

बाईंनी टेबलावरचं वाकलेलं झाकण उचलून हातात धरलं.

"घरी सांगू नका. मी त्यांना ओळखतो. तुम्ही सांगितलंत की ते उद्या सकाळी फाटकावर येऊन उभे राहतील. मी खरा होतो, असं प्रत्येकाला थांबवून सांगतील. त्यांचा तो हक्कच आहे. मला तो नाकारायला लाज वाटते. पण दुसरा रस्ता असेल तर तुम्हीच सांगा."

बाईंनी रस्ता शोधला. त्यांना शोधायची सवय होती. यजमान टेबलावर हात आपटून परत आले होते तो दिवस आठवला. त्यानंतर जेवताना मध्येच घास थांबवून ते हवेत बोटाने आकडे काढू लागले, तेही. त्यांना फक्त एक वाक्य द्यायचं होतं. तुम्ही बरोबर होता. आणि हे वाक्य ते पोटात ठेवू शकणार नाहीत, हेही बाईंइतकं कुणाला ठाऊक नव्हतं.

"नाही," त्या म्हणाल्या. "दुसरा रस्ता नाही."

संचालक उठले. बाईंपाशी येऊन थांबले, काहीतरी म्हणणार होते. बाईंनी मान वर केली नाही. मग ते तसेच गाडीवाल्यांशी बोलायला खाली गेले.

७

चिमणीला घेऊन बाई घरी आल्या तेव्हा उन्हं कलली होती. यजमान ओसरीवर खुर्ची टाकून बसले होते. मांडीवर वर्तमानपत्र, त्यात शेजाऱ्यांच्या क्षेपणास्त्राचं छायाचित्र, कानावर पेन्सिल.

"आलात? काय गं, तुझा चेहरा का उतरलाय?" त्यांनी चिमणीला विचारलं.

"भूक लागलीये, काका."

"कशासाठी बोलावलं होतं?" हे बाईंना.

"काही नाही. कुणालातरी उगाच वाटलं, आपलं त्यांनी उचललं. तसं काही नव्हतं."

"हो ना! वेडे आहेत. उचलायला आपल्यात आहे काय?" त्यांनी वर्तमानपत्र दोघींपुढे धरलं. त्यांचा चेहरा बऱ्याच दिवसांनी उजळला होता. "हे बघ. सकाळपासून हेच बघतोय. त्यांनी मधोमध आणलं! त्यांचंही आधी आपल्यासारखं डावीकडे ओढत असणार. आणि तिकडे कुणीतरी बसला असेल, माझ्यासारखाच. त्याने ते सोडवलं."

बाई उंबऱ्याशी थांबल्या.

"मला सुचलं होतं," यजमान चिमणीला म्हणाले. "पण मला पटवता आलं नाही. त्याला आलं. तेवढाच फरक. तुझ्या सरांना मी उगाच बोल लावत होतो. माझं गणितच तेवढं पक्कं नसणार."

"गणित पक्कं होतं," बाई म्हणाल्या.

"तुला काय कळतंय गणितातलं?" ते हसले, प्रेमाने हसले. "तू आपली मोडलेली भांडी बघ."

बाई आत गेल्या. चिमणीसाठी पान वाढलं, भात गरम केला. खिडकीतून यजमानांचा आवाज येत होता. पलीकडच्या त्या माणसाने पहिली पायरी कोणती घेतली असेल, मग कोणती, ते वर्तमानपत्राच्या कडेला आकडे मांडत सांगत होते, आणि चिमणी भुकेली असूनही उठत नव्हती.

"चला, जेवायला चला," बाई दारात येऊन म्हणाल्या.

"थांब गं, एवढं होऊ दे. हुशार माणूस असणार हा. मला भेटायला आवडलं असतं." त्यांनी मान वर केली. "नाही का?"

चिमणीने बाईंकडे पाहिलं. तिच्या तळहातावर, दिवसभर घट्ट धरून ठेवलेल्या खुर्चीच्या कडेचा वळ अजून लाल होता.

"हो," बाई म्हणाल्या. "हुशारच असणार."